आमच्याकडे ऊन येत नाही

आरंभीच क्षमा मागते. आजवर मी दुसऱ्यांनी लिहिलेले वाचले आणि फळ्यावर जे लिहिले ते पाठ्यपुस्तकातले लिहिले. स्वतःच्या मनाने लिहिलेले म्हणावे असे वाण्याच्या यादीपलीकडे माझ्या हातून काही झालेले नाही. साठी उलटून गेल्यावर, कोणी मागितलेले नसताना, घरातली गोष्ट वाचकांपुढे मांडण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे कोणीही विचारू शकेल. त्यातून विषयही इतका लहान की तो सांगताना संकोच वाटतो. आमच्या घरी झाड का नाही, एवढाच तो विषय आहे.

बदलापुरात मांजर्लीला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. 'आम्ही' म्हणायची सवय सुटत नाही. आई गेल्यापासून मी एकटीच असते. इमारतीतल्या बहुतेक गॅलऱ्यांतून काही ना काही हिरवे लोंबते. नदीचे पाणी आवारात शिरते त्या दिवसांत तळमजल्याचे लोक फ्रीजच्या आधी कुंड्या उचलून जिन्यात आणून ठेवतात आणि मग दोनतीन दिवस आम्ही सगळे मोगऱ्याला आणि शेवंतीला वळसे घालत वर-खाली करतो. समोरच्या दारातली केतकी बँकेत नोकरी करते आणि रविवारी मातीत हात घालून बसते. राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात तिने विचारले होते, "काकू, तुम्ही बॉटनीच्या मॅडम ना? मग तुमच्याकडे एकही झाड कसं नाही?" मी म्हटले, "आमच्याकडे ऊन येत नाही गं." ती माझ्या खांद्यावरून दक्षिणेकडच्या गॅलरीकडे बघत राहिली. सकाळचे नऊ वाजले होते आणि ऊन बैठकीच्या मध्यापर्यंत आलेले होते. मुलगी शहाणी, तिने नळाच्या पाण्याची वेळ विचारली.

त्यानंतर मी उगाचच लोकांना विचारू लागले, अर्थात ज्यांच्याकडे झाड नाही अशांना. कोणी म्हणते, गणपतीला गावी जातो, मागे पाणी कोण घालणार. कोणी म्हणते, घर भाड्याचे आहे, भिंतीला ओल आली तर मालक ओरडतो. कोणी कबुतरांवर ढकलते. आणि पुष्कळ जण, विशेषतः बायका, हात पुढे करून तळव्याकडे पाहत सांगतात, "माझ्या हाताला झाड लागतच नाही हो." ही सगळी कारणे खरी असतात. पण ती सांगताना माणूस किंचित घाई करतो, असे मला वाटत आले आहे. कदाचित मीच तशी घाई करते म्हणून ती मला ओळखू येत असेल.

माझे लहानपण उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गेले. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात भांडारपाल होते आणि सायकलवर जाऊन-येऊन करीत. लष्कराच्या जुन्या लांबलचक बराकीत मधे मधे भिंती घालून बिऱ्हाडे केली होती, त्यांतले एक आमचे: दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीला कमरेएवढा सिमेंटचा कठडा. आसपास सगळी फाळणीनंतर आलेल्यांची सिंधी वस्ती. मराठी घरे मोजकी. एका बाजूला पत्रा ठोकायचा कारखाना, दुसऱ्या बाजूला शिवणयंत्रांची ओळ, त्यामुळे दिवसभर ठोक्यांचा आणि खरखरीचा आवाज एकमेकांत मिसळून येई. तो थांबला की कोणीतरी वारले असावे, असे आम्ही समजत असू. शेजारच्या खोलीत ईश्वरी चाची राहत. त्या पापड लाटून दुकानांना देत. त्यांच्या पडवीतल्या खाटांवर पापड वाळत घातलेले असत आणि मिऱ्यांचा, पापडखाराचा वास आमच्या वरणभातापर्यंत पोहोचे. आई त्यांच्याशी मराठीत बोले, त्या आईशी हिंदीत बोलत आणि दोघींचे कधी अडत नसे.

आमच्या कठड्यावर तेलाच्या रिकाम्या डब्यात तुळस होती. कृष्णतुळस, काळसर जांभळी दांडी, बारीक पाने, हात लागला तरी बोटांना वास राही. आईने ती लग्नानंतर माहेराहून, महाडच्या पुढच्या गावाहून, ओल्या फडक्यात मुळे गुंडाळून एसटीने आणली होती. आजीच्या अंगणातल्या तुळशीचे ते रोप. बराकीच्या त्या पत्र्याच्या आणि सिमेंटच्या पसाऱ्यात आईच्या माहेरचे म्हणावे असे तेवढेच होते. नळाला तासभर पाणी येई. पहिला हंडा पिण्याचा, आणि त्यातला पहिला तांब्या तुळशीचा. हा क्रम मी कधी मोडलेला पाहिला नाही.

महिन्यातले चार दिवस आई बाजूला बसे. आतल्या खोलीत खिडकीखाली तिची सतरंजी असे आणि आम्ही मुलींनी तिच्याजवळ जायचे नसे. त्या दिवसांत बाबा पहाटे उठून स्टोव्ह पेटवीत, पिठले-भात करीत, आणि काही न बोलता तुळशीला पाणी घालीत. आई सांगत नसे आणि बाबा विचारीत नसत. ती बाजूला बसलेली दिसली की त्यांनी तांब्या उचलायचा, एवढेच. पाचव्या दिवशी आई न्हाऊन आली की तांब्या पुन्हा तिच्या हातात जाई. या गोष्टीला आमच्या घरात नाव नव्हते. ज्या वर्षाची ही गोष्ट त्या वर्षी मला नुकतेच ते सुरू झाले होते, तेव्हा आईने मला आत नेऊन दोनच गोष्टी सांगितल्या. एक, फडकी कुठे वाळत घालायची. दुसरी, तुळशीपासून लांब राहायचे. "सावली पडली तरी सुकते ती," आई म्हणाली. मी तेरा-चौदा वर्षांची होते आणि आई म्हणेल ते खरे होते.

मे महिन्यात मामा आला. आजी अंगणात पडली होती आणि खुब्याचे हाड मोडले होते. आईला न्यायला तो आला होता. आईने अर्ध्या तासात ट्रंक भरली. धाकटी नंदा सात वर्षांची, ती आईच्या पदराला धरून मागे मागे फिरत होती आणि "आजी कुठल्या पायावर पडली?" असे विचारत होती. निघताना आई कठड्यापाशी थांबली. डब्यातले एक पान खुडून तिने कानामागे खोचले आणि मला म्हणाली, "विजू, स्वयंपाक तुझ्याच्याने होईल तसा कर. करपला तर करपू दे. पण हिला पाणी चुकवू नकोस. आजी बरी होईपर्यंत तरी नाही."

मी मान हलवली. आई पायरी उतरली, पुन्हा वर आली, माझ्याकडे पाहिले, मग बाबांकडे पाहिले. बाबा दारात उकिडवे बसून सायकलच्या चाकात हवा भरत होते. आई काहीतरी बोलणार असे वाटले. पण ती बोलली नाही. पदर खोचला आणि मामाच्या मागोमाग चालू लागली.

पहिले सातआठ दिवस मी फार शहाण्यासारखी वागले. माझी खिचडी खाली लागे आणि वर कच्ची राही. बाबा ती मुकाट्याने खात. नंदा मात्र म्हणे, "ताई, वरची तू खा, खालची बाबांना दे, मी चाचीकडे जाते." चाची तिला कांदा घातलेली जाड सिंधी रोटी, कोकी, देत आणि मलाही एक पाठवीत. तुळशीला पाणी मी आईसारखेच घाली, उजव्या हाताने, बारीक धार धरून. आजी बरी होणे आणि हे पाणी घालणे यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असे आईने म्हटले नव्हते. पण माझ्या मनात तो जुळला होता.

मग एके सकाळी मी उठले ती पोटात दुखत होते म्हणून. काय झाले ते मला कळले, आणि लगेच हेही कळले की मी बाजूला बसू शकत नाही. मी बसले तर पहाटेचा स्टोव्ह आणि नळाचे पाणी बाबांकडे जाईल. आणि मुख्य म्हणजे, मी बसलेली त्यांना दिसेल. आईच्या बाबतीत जे न बोलता चालत होते ते माझ्या बाबतीत बाबांनी पाहावे, ही कल्पनाच मला सहन झाली नाही. नंदाला सांगणे म्हणजे बराकीच्या दोन्ही टोकांना सांगणे, आणि भरलेला तांब्या घेऊन तिचा हातही कठड्यावरच्या डब्यापर्यंत पोहोचत नव्हता. म्हणून मी एक निर्णय घेतला. आज त्याचे आश्चर्य वाटते. तेव्हा तो अगदी न्याय्य वाटला होता. मी सगळे नियम मोडायचे ठरवले, एक सोडून. मी पाणी भरले, भात शिजवला, बाबांच्या डब्याला हात लावला, देवाच्या कोनाड्याखालून ये-जा केली आणि प्रत्येक वेळी मनात माफी मागितली. फक्त तुळशीजवळ गेले नाही. निदान तेवढे तरी पाळले, असे मला वाटत होते.

बाबांना संशय येऊ नये म्हणून सकाळी मी तांब्या भरून पडवीत जाई, त्यांची पाठ वळेपर्यंत थांबे आणि पाणी मोरीत ओतून देई. सायकलवर टांग टाकताना बाबा विचारीत, "पाणी घातलंस ना गं तुळशीला?" मी म्हणे, "हो बाबा." तो तासाभराच्या नळाचा, हंड्यातला पहिला तांब्या होता. आजही कोणी बेसिनपाशी नळ सोडून उभे राहिले की मला तो आवाज ऐकू येतो.

चार दिवसांत संपेल असा माझा हिशेब होता. संपले नाही. त्या वयात ते कसेही येते आणि कितीही राहते, हे मला कोणी सांगितलेले नव्हते. पाचव्या दिवशी पाने खाली वळली. दुपारचे ऊन त्या कठड्यावर थेट येई आणि पत्र्याचा डबा हात लावू नये इतका तापे. आज मी त्याचे कारण एका वाक्यात सांगेन. पण त्या दिवशी मला एवढेच दिसले की आईने सांगितले होते तसे झाले. माझी सावली पडली असली पाहिजे. मग मी आणखी लांबून जाऊ लागले. पडवीतून जायचे झाले तर ऊन कुठल्या बाजूचे आहे ते पाहून भिंतीला चिकटून जाई. जसजशी ती सुकत गेली तसतशी मी तिच्यापासून दूर होत गेले.

"ताई अशी का चालते? खेकड्यासारखी," नंदा बाबांना म्हणाली.

"तुला चालता येतं का तसं?" बाबा वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, आणि नंदा पडवीभर खेकड्यासारखी चालून दाखवू लागली. मी हसले. त्या दिवसांतले ते हसणे मला आठवते, कारण हसता हसता माझे लक्ष डब्याकडे गेले आणि दोन पाने कठड्यावर गळून पडलेली दिसली.

नवव्या दिवशी मी न्हाले आणि केस पुसण्याआधी हंडा उचलून डब्यात रिता केला. पाणी मातीच्या कडेने सरळ खाली गेले आणि तळाच्या भोकातून भिंतीवर ओघळले. माती डब्यापासून सुटली होती. वनस्पतिशास्त्रात एक मर्यादा शिकवतात. तिच्या अलीकडे पाणी मिळाले तर मलूल झालेले रोप पुन्हा उभे राहते. ती ओलांडली की किती पाणी घातले याला अर्थ राहत नाही. बत्तीस वर्षे मी तिचा आलेख फळ्यावर काढला. खडू त्या बिंदूवर आला की माझा आवाज थोडा खाली जाई. मुले म्हणत, मॅडम, मागे ऐकू येत नाही.

मी तशीच ओल्या केसांनी उभी असताना चाची आपल्या पडवीतून बघत होत्या. हातातले लाटणे खाली ठेवून त्या कठड्यापाशी आल्या.

"क्या हुआ, पुट? इतना पानी? डुबाएगी क्या बिचारी को?"

मला रडू आले आणि त्या रडण्यात सगळे सांगून झाले. बाबांना, आईला, कोणालाही न सांगितलेले मी पापडाच्या पिठाने भरलेल्या त्या हातांना धरून सांगितले. एक हात सोडवून चाचींनी पदराने माझे ओले केस टिपले. मग म्हणाल्या, "हमारे में भी मानते हैं. लेकिन जब हम इधर कैंप में आए ना, तब पानी की लाइन में खड़े रहते थे, चार-चार घंटा. किसका कौन सा दिन है, कौन पूछता? मैंने घड़ा भरा, सास ने पिया, ससुर ने पिया. कोई नहीं मरा." त्यांनी तुळशीची फांदी वाकवून पाहिली. ती कट्कन मोडली. "जड़ से गई," त्या म्हणाल्या.

"आई विचारेल."

"माँ को आने दे पहले."

दुसऱ्या दिवशी दुपारी तार आली. आजी गेली होती.

बाबांना कारखान्यात निरोप गेला, ते घरी आले, पिशवीत दोन कपडे भरले आणि आम्हाला चाचींकडे ठेवून गेले. जाताना त्यांनी कठड्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मला मात्र पक्के ठाऊक झाले होते की काय कशामुळे झाले. आजी बरी होईपर्यंत पाणी चुकवू नकोस. मी चुकवले होते. चाचींच्या खोलीत नंदा मजेत पापडाच्या लाट्या करीत बसे आणि मी कोपऱ्यात अंग चोरून असे. चाचींना ते कळले असावे. एके सकाळी त्यांनी आमचा डबा उचलला, वाळलेली तुळस मुळासकट काढली आणि कागदात बांधली. त्यांचे यजमान ती नदीत सोडून आले. डब्यात नवी माती भरून चाचींनी स्वतःच्या कुंडीतले एक रोप लावले. चांगले वीतभर उंच, टवटवीत.

"तुलसी तुलसी होती है," त्या म्हणाल्या. "अब रोज पानी देना. हर रोज. समझी?"

मी दररोज पाणी घातले. ते रोप जोमाने वाढले आणि मला थोडा धीर आला. आईला कळणार नाही, असे मी स्वतःला सांगत होते. त्याची दांडी हिरवी होती, हे मला दिसत होते. पण हिरव्या आणि काळ्या दांडीतला फरक दुसऱ्या कोणाला दिसेल, असे मी मनात येऊ दिले नाही.

तेरावा आटोपून आई आली. वाळली होती, आवाज बसला होता. पायरी चढल्यावर तिने ट्रंक खाली ठेवली, नंदाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हातपाय धुऊन तांब्या घेऊन कठड्याशी गेली. मी आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होते. आईने दांडीला बोट लावले. एक पान चुरगळले, नाकाशी नेले. ती किती वेळ तशी उभी होती ते सांगता येणार नाही. पत्र्याच्या कारखान्यातले ठोके मात्र मी मोजत होते आणि ते बरेच झाले. मग तिने बारीक धार धरून पाणी घातले, नमस्कार केला आणि आत येऊन विचारले, "भात लावलायस का?"

एवढेच. ना त्या दिवशी काही विचारले, ना पुढे. आठ दिवसांनी तिने डबा उचलून चाचींच्या पडवीत नेला. मी खिडकीतून ऐकत होते.

"ईश्वरी, ही तुमचीच. तुमच्याकडेच राहू दे."

"अरे भाभी, तुलसी में तेरा-मेरा क्या?"

"तसं नाही हो. मला आता जमायचं नाही."

चाचींनी रोप काढून घेतले. रिकामा डबा आईने घासला आणि त्यात भांडी घासायची राख भरून ठेवली. तेव्हापासून आमच्या घरात पाणी घालावे असे काही राहिले नाही. पहिला हंडा पिण्याचा, आणि दुसराही पिण्याचा. शेजारणींनी विचारले, मराठी घरात तुळस नाही हे कसे, तर आई म्हणे, "आमच्या कठड्यावर ऊन फार." पुढे आम्ही अंबरनाथला मोठ्या जागेत गेलो, तिथे आई म्हणे, "इथे ऊन येत नाही." मी दोन्ही उत्तरे ऐकत वाढले आणि दोन्हींत मला एकच वाक्य ऐकू येत असे: तू तिला मारलेस, म्हणून मी दुसरी आणणार नाही. आईने मला कधी त्याची शिक्षा केली नाही, म्हणून ही शिक्षा कधी संपलीच नाही, असे मी समजून चालले. वनस्पतिशास्त्र मी का घेतले, याचे काही उदात्त उत्तर मला पुष्कळ निरोप समारंभांत द्यावे लागले. खरे उत्तर एवढेच, की सावलीने झाड सुकते का ते मला पाहायचे होते. सुकत नाही. हे कळूनही घरात रोप आणायला हात धजला नाही.

आता शेवटचे सांगते. आईची चौऱ्याऐंशी वर्षे उलटली होती आणि ती माझ्याजवळ मांजर्लीला होती. एका दुपारी मी बाजारातून आले तर आईच्या खुर्चीजवळ जमिनीवर काळी प्लास्टिकची कुंडी होती. तीत तुळस होती, काळसर दांडीची.

"त्या समोरच्या पोरीने दिली," आई मेथी निवडता निवडता म्हणाली. "नको म्हटलं तर ठेवून गेली. म्हणे, आजी, तुमच्यासाठी."

भाजीची पिशवी मी खाली ठेवली नाही. उभ्या उभ्याच, जवळजवळ पन्नास वर्षांनी, आईला सगळे सांगितले. नऊ दिवस, मोरीत ओतलेले पाणी, बाबांशी खोटे बोलणे, चाचींचे रोप. "आजी त्यामुळे गेली असं वाटायचं मला," मी म्हटले. हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना ते किती लहान मुलीचे आहे ते मला ऐकू आले.

"आजी पडली होती गं," आई म्हणाली. "म्हातारं हाड. ते कुठलं सांधतंय." तिने मेथीची काडी बाजूला टाकली. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"चाचींनी सांगितलं?"

"त्यांनी कशाला सांगायला हवं? तुझे दिवस मला माहीत नव्हते? निघताना मी बोटांवर मोजले होते. यांना सांगायला हवं होतं, की पोरगी लहान आहे, त्या दिवसांत तुम्ही घाला पाणी. पायरीवरून परत फिरले तेवढ्यासाठी. हे चाकात हवा भरत होते. माझी जीभ उचलली नाही. यांच्याजवळ असलं कधी बोललेच नव्हते." निवडलेली पाने तिने हाताने एकत्र ओढली. "तुझ्या अंगावर टाकून गेले मी."

"मग पुन्हा का नाही आणलीस?"

"तू रोज तिथून मान खाली घालून गेली असतीस. म्हटलं, तू सासरी जाईपर्यंत नको. मग तू लग्नच केलं नाहीस." आई किंचित हसली. "मग राहूनच गेलं."

पन्नास वर्षे मी जिला माझी शिक्षा समजत होते, ते तिचे माझ्यासाठी नजर वळवणे होते. हे ऐकून मन हलके व्हायला हवे होते. पण माणूस इतक्या वर्षांचे वळण एका दुपारी सोडत नाही, निदान मी सोडले नाही. आईने कुंडीच्या कडेला बोट टेकवले आणि माझ्याकडे न पाहता विचारले, "आता ठेवू या का ही?"

तिने आयुष्यात माझ्याजवळ फार थोडे मागितले. त्यातले हे शेवटचे होते, हे मला नंतर कळले. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे फक्त तो तापलेला डबा आला आणि पाण्याचा ओघळ. मी पटकन म्हणाले, "आपल्याकडे ऊन कुठं येतं, आई."

आईने गॅलरीकडे पाहिले. ऊन तिच्या पायांपर्यंत आलेले होते. पावले उन्हात होती आणि मेथीची जुडीसुद्धा.

"नाही येत खरं," ती म्हणाली. "देऊन ये तिची तिला."

मी कुंडी उचलून समोर नेऊन दिली. केतकीने ती आपल्या ग्रिलवर ठेवली आणि अजून ती तिथे आहे, चांगली पसरली आहे. आईला जाऊन दीड वर्ष झाले. सकाळी चहा घेताना मला ती समोर दिसते, आणि आमच्या बैठकीत आईच्या खुर्चीपाशी ऊन येऊन पडते, ते दुपार सरेपर्यंत हलत नाही.

वाचकहो, आपल्या घरी झाड नसेल, तर त्याचे खरे कारण आपण घरातल्या कोणाला कधी सांगितले आहे का?